उतारा वाढवायचा, पण जमीन खाऊन नव्हे

मराठवाडा-विदर्भातल्या कोरडवाहू गावात पेरणीच्या तोंडावर चार माणसे जमली की विषय निघतो तो भावाचा. ते रास्तच आहे. २०२५-२६साठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये जाहीर झाला. आडत्याकडे हाती काय पडले ते ज्याचे त्याला ठाऊक. पण भाव आपल्या हातात नाही. एकरी किती निघते आणि ते काढायला किती घालावे लागते, या दोन गोष्टी मात्र बऱ्याच अंशी आपल्या हातात आहेत. राज्याचा सोयाबीनचा सरासरी उतारा एकरी चार ते सहा क्विंटलांच्या आसपास घुटमळतो. त्याच शिवारात, तसल्याच काळ्या जमिनीत, तेवढ्याच पावसावर एखादा शेतकरी दहा क्विंटल काढतो. त्याने खताची आणखी दोन पोती टाकली म्हणून हे घडले, असे क्वचितच असते.

हा लेख सोयाबीन आणि तूर घेणाऱ्या कोरडवाहू शेतकऱ्यासाठी आहे. माझे म्हणणे थोडक्यात असे: आपला उतारा औषधाच्या किंवा खताच्या कमतरतेने जितका मार खातो, त्याहून जास्त तो बियाणे, पाणी आणि मातीचा पोत या तीन ठिकाणी गळतो. ही गळती बंद करणारे उपाय बहुतेक वेळा स्वस्त असतात आणि जमिनीला बाधत नाहीत. दुकानात मिळत नाहीत म्हणून त्यांची जाहिरातही कुणी करत नाही.

पेरणीआधीच गेलेले दोन क्विंटल

सोयाबीनचे बी नाजूक असते. टरफल पातळ, आणि अंकुर त्या टरफलाला अगदी लागून. मळणी यंत्राचा ड्रम जोरात फिरला, पोते ट्रॉलीतून खाली आपटले, थप्पीवर थप्पी लावली, की दाणा वरून चांगला दिसतो पण उगवत नाही. बियाण्यासाठी मळणी करताना ड्रमचे फेरे मिनिटाला साडेतीनशे ते चारशेच्या वर जाऊ देऊ नयेत. माल ज्यूटच्या पोत्यात भरून लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून लांब ठेवावा आणि सहा-सातपेक्षा जास्त पोत्यांची थप्पी लावू नये. सोयाबीन स्वपरागी पीक आहे. त्यामुळे एकदा प्रमाणित बियाणे घेतले की त्याच्यापासून निवडून राखलेले बियाणे पुढची दोन-तीन वर्षे खुशाल वापरता येते. दरवर्षी नवी पिशवी घेण्याची सक्ती नाही.

घरचे असो वा पिशवीतले, उगवण तपासल्याशिवाय पेरू नका. वेगवेगळ्या पोत्यांतून मूठ-मूठ बी काढून एकत्र करा आणि न निवडता शंभर दाणे मोजा. ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळीत मांडा, वर दुसरे ओले गोणपाट घाला, गुंडाळी करून सावलीत ठेवा आणि ओल टिकेल इतकेच पाणी शिंपडत राहा. सहाव्या-सातव्या दिवशी उघडून सशक्त कोंब मोजा. असे तीन संच करा आणि सरासरी काढा. सत्तर किंवा जास्त आले तर नेहमीचे प्रमाण, म्हणजे सरत्याने पेरताना एकरी साधारण ३० किलो. साठ-पासष्ट आले तर त्या हिशेबाने बियाणे वाढवा. त्याहून बरेच खाली गेले तर ते बी बाजारात विका, रानात टाकू नका.

पेरणीची घाई हा दुसरा चोर. मृगाचा पहिला चांगला सडा पडला की तिफणी निघतात आणि पुढे पंधरा दिवस आभाळाकडे बघत काढावे लागतात. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन ओल खोलवर गेल्याशिवाय सोयाबीनला हात घालू नये. दुबार पेरणीचा खर्च कुठल्याही औषधाने भरून येत नाही. आणि खोली! ट्रॅक्टरच्या पेरणी यंत्राने बी सहज सहा-सात सेंटिमीटर खाली जाते. सोयाबीनला तीन ते चार सेंटिमीटर पुरे. त्याखाली पडलेला दाणा वर येताना मान मोडून घेतो. पहिल्या दोन फेऱ्यांनंतर ट्रॅक्टर थांबवा, माती उकरा, बी कुठे पडले आहे ते स्वतः पाहा आणि मग पुढे जाऊ द्या. यंत्रवाला कुरकुरेल, कुरकुरू द्या.

पेरणीनंतर बारा-पंधरा दिवसांनी शेतात पाच-सहा ठिकाणी एक मीटर तास मोजून रोपे मोजा. दोन ओळींत ४५ आणि दोन रोपांत ५ सेंटिमीटर अंतर धरले तर मीटरला वीस रोपे हवीत, म्हणजे एकरी पावणेदोन लाखांच्या घरात. तिथे दहाच भरली, तर तुमचा उतारा तिथेच अर्ध्याकडे झुकला. मग पुढे टॉनिक मारून उपयोग काय?

पाणी आडवे, रान उभे

एका एकरावर एक मिलिमीटर पाऊस पडला की जवळपास चार हजार लिटर पाणी पडते. सातशे मिलिमीटरच्या गावात प्रत्येक एकरावर वर्षाला २८ लाख लिटर! तरी ऑगस्टमध्ये पीक माना टाकते, कारण हे पाणी एका लयीत येत नाही. २०२३चा ऑगस्ट हा १९०१पासूनच्या नोंदींत देशातला सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला आणि मराठवाड्यात फुलोऱ्यातले सोयाबीन करपले. २०२५च्या सप्टेंबरमध्ये त्याच मराठवाड्यात बीड, धाराशिवकडे इतका पाऊस झाला की उभ्या पिकासकट रान खरडून गेले. एकाच जमिनीला दोन वर्षांच्या अंतराने दोन्ही टोके सोसावी लागली. म्हणून पेरणीची पद्धत अशी हवी की खंड पडला तर ओल धरेल आणि झड लागली तर पाणी बाहेर काढून देईल.

काळ्या जमिनीसाठी अशी एक पद्धत आपल्याकडे पन्नास वर्षांपासून माहीत आहे. हैदराबादजवळ पाटनचेरूला असलेल्या इक्रिसॅट या संस्थेने सत्तरच्या दशकात भारी जमिनींसाठी रुंद वरंबा सरीवर काम केले. आज तीच पद्धत बीबीएफ या नावाने गावोगाव पोचली आहे. ट्रॅक्टरचे यंत्र एकाच फेरीत वरंबा करते, त्यावर चार ओळी पेरते आणि दोन्ही बाजूंना सरी काढते. पावसाचे पाणी सरीत उतरते, वरंब्यात हळूहळू मुरते, मुळांशी हवा राहते. प्रत्येक चार ओळींनंतर सरीची जागा सुटल्यामुळे बियाणेही साधारण पाचव्या हिश्श्याने कमी लागते. काहींना ही सुटलेली जागा पाहवत नाही. ‘एवढे रान रिकामे ठेवायचे?’ असा प्रश्न येतोच. सरीकाठच्या ओळींना मिळणारा उजेड आणि हवा ही उणीव भरून काढतात. शेंगा भरायच्या वेळी त्या ओळीत उभे राहून पाहिले की पटते.

यंत्र मिळाले नाही तरी अडत नाही. सात दात्यांच्या पेरणी यंत्राने पेरताना कडेचे एक छिद्र बंद ठेवा, म्हणजे प्रत्येक सहा ओळींनंतर सातवी ओळ मोकळी राहील. पीक तीन-चार आठवड्यांचे झाले की कोळप्याच्या (विदर्भात डवऱ्याच्या) जानोळ्याला दोर गुंडाळून त्या मोकळ्या ओळीत सरी ओढा. खर्च म्हणाल तर एका दोराचा. मात्र दोन गोष्टी सांभाळायच्या. पेरणी उताराला आडवी हवी. धुऱ्याच्या सोयीने उताराच्या दिशेने पेरले तर हीच सरी ओहोळ होते आणि माती घेऊन जाते. दुसरे म्हणजे सरीचे जादा पाणी जिथे बाहेर पडेल तिथे गवत राखा किंवा दगड रचा. उघड्या मातीवर पाणी सोडणे म्हणजे शेजाऱ्याशी भांडण आणि आपल्या रानात घळ. ढगफुटीसारख्या पावसापुढे यातले काही टिकत नाही, हेही सांगितले पाहिजे. पण दरवर्षी ढगफुटी होत नाही आणि दोन-तीन आठवड्यांचा खंड मात्र जवळजवळ दरवर्षी पडतो.

आता शेततळ्याविषयी. राज्यात २०१६पासून ‘मागेल त्याला शेततळे’ योजना आली आणि तळी बरीच झाली. वीस मीटर लांब, वीस मीटर रुंद आणि तीन मीटर खोल तळ्यात, बाजूंचा उतार धरून, साडेसात ते आठ लाख लिटर पाणी मावते. तुषार संचाने एकरी तीस मिलिमीटरचे एक पाणी द्यायचे तर सव्वा लाख लिटर लागते. म्हणजे बाष्पीभवन आणि पाझर वजा जाता चार-पाच एकर सोयाबीनला शेंगा भरण्याच्या काळात एक संरक्षक पाणी निघते. कोरडवाहू पिकात या एका पाण्याची किंमत पोत्यांत मोजता येते. पण शेततळ्याचा दुसरा अवतारही आपण पाहतो: प्लास्टिक अंथरलेले तळे, आणि त्यात पावसाचे नव्हे तर बोअरचे पाणी उपसून भरलेले. भूगर्भातले, बाष्पीभवनापासून सुरक्षित असलेले, साऱ्या गावाचे पाणी वर काढून उन्हात ठेवण्याला साठवण म्हणत नाहीत. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने शेतीसाठी बोअर न घेण्याचा आणि ऊस-केळीसारखी पिके टाळण्याचा निर्णय गावसभेत केला, दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडून रब्बीची पिके ठरवली. हे एकट्या शेतकऱ्याचे काम नव्हे, गावाचे आहे. तरी आपल्या तळ्यात ओढ्याचे वा रानाचे पाणी यावे यासाठी त्याची जागा निवडणे तर एकट्याला जमते.

माती: हिशेब लांबचा आहे

सेंद्रिय कर्बाविषयी आज प्रत्येक मेळाव्यात बोलले जाते. बोलणाऱ्यांपैकी किती जणांनी आकडेमोड केली असेल, शंका आहे. आपण करू. एका एकराच्या वरच्या पंधरा सेंटिमीटर थराचे वजन ढोबळमानाने नऊ लाख किलो भरते. कर्ब ०.४ वरून ०.५ टक्क्यांवर न्यायचा, म्हणजे नऊशे किलो कर्ब जमिनीत टिकून राहिला पाहिजे. वाळलेल्या काडीकचऱ्यात चाळीस टक्क्यांच्या आसपास कर्ब असतो आणि त्यातला बराच मोठा भाग आपल्या उष्ण हवेत वर्ष-दोन वर्षांत उडून जातो. समजा, सहावा-सातवा हिस्सा मागे राहिला; तर एक दशांश टक्का वाढवायला एकरी पंधरा टनांच्या घरात वाळलेला काडीकचरा लागेल. हे दोन-तीन हंगामांत होणारे काम नाही. म्हणून ‘एका बाटलीत कर्ब वाढवा’ म्हणणाऱ्याला दारातूनच रामराम करावा.

मग करायचे काय? आहे तो कर्ब जाऊ द्यायचा नाही, ही पहिली पायरी. दरवर्षी उन्हाळ्यात खोल नांगरट, मग रोटाव्हेटरच्या दोन-तीन पाळ्या, असा रिवाज पडला आहे. रान पिठासारखे दिसते, डोळ्यांना बरे वाटते. पहिल्या जोराच्या पावसात त्याच पिठाचा पापुद्रा बसतो, त्याखाली सोयाबीनचा कोंब अडकतो, आणि खाली सात-आठ इंचांवर यंत्राच्या दाबाने तयार झालेला कठीण थर पाणी मुरू देत नाही. खोल नांगरट तीन वर्षांतून एकदा पुरते. मधल्या वर्षांत वखराच्या पाळीवर भागवा. सोयाबीन निघाल्यावर ओल असेल तर हलक्या मशागतीवर हरभरा टाका. नांगरून ती ओल उन्हाला देऊ नका.

भाताच्या पट्ट्यात, नेरळजवळ चंद्रशेखर भडसावळे यांनी सगुणा तंत्राने कायमच्या गादीवाफ्यांवर विनानांगरणीची भातशेती करून दाखवली आहे. मुळे जमिनीतच कुजू देणे हा त्यातला गाभा. काळ्या रानातही तूर आणि कापसाच्या बाबतीत हे जमण्यासारखे आहे: खोड उपटण्याऐवजी जमिनीलगत कापा आणि मुळे आतच राहू द्या. मात्र विनानांगरणी म्हणजे तणनाशकावरचे अवलंबन वाढवणे, असे होण्याचा धोका खरा आहे. तिथे कोळपणी आणि खुरपणीची जोड द्यावीच लागते. पहिले तीस-चाळीस दिवस रान तणमुक्त राहिले की पुढे सोयाबीन स्वतःच जमीन झाकते.

दुसरी पायरी, शेतातले शेतात परत करणे. सोयाबीनच्या धान्याइतकेच, कधी थोडे जास्त, कुटार निघते. ते धुऱ्यावर पेटवून देणे हा खर्च आहे, फक्त पावती मिळत नाही. जनावर असेल तर त्याच्या पोटातून, नसेल तर खड्ड्यातून ते रानात गेले पाहिजे. बैल विकले गेले, गोठे रिकामे झाले आणि शेणखत एकरी पाच गाड्या टाका असे सांगणारे सल्ले मात्र तसेच राहिले, ही आजची अडचण आहे. ज्यांच्याकडे एखाददुसरे जनावर आहे त्यांच्यासाठी यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदच्या नारायण देवताव पांढरीपांडे यांनी नाडेप पद्धत रूढ केली, ती आजही तितकीच कामाची आहे. दहा फूट लांब, सहा फूट रुंद, तीन फूट उंच असे विटांचे टाके, भिंतींना हवेसाठी भोके. चौदा-पंधराशे किलो काडीकचरा, जेमतेम शंभर किलो शेण, चाळलेली माती आणि पाणी यांचे थर. वरून शेणमातीने लिंपून घेतले की तीन-चार महिन्यांत खत तयार होते. शेण कमी आणि काडीकचरा भरपूर, अशा घराला हे नेमके लागू पडते.

धुरे मोकळे असतील तर पावसाळ्यात गिरिपुष्पाचे फाटे लावा. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षापासून त्याचा कोवळा पाला छाटून ओळींत टाकता येतो. त्यात नत्र चांगले असते आणि जनावरे उभ्या झाडाला फारशी तोंड लावत नाहीत. हलक्या, मुरमाड रानात सोयाबीन रेटण्याचा हट्ट मात्र सोडा. तिथे तूर, मूग, उडीद किंवा ज्वारी यांना जागा द्या. सोयाबीनमध्ये तूर घेणे तर सगळ्यांनाच परवडते: चार ओळी सोयाबीन, दोन ओळी तूर. तुरीचे मूळ खोल जाते, पाने गळून जमिनीवर पडतात, आणि एक पीक पावसाने नेले तर दुसरे हाती राहते. बदनापूरच्या संशोधन केंद्राचा बीडीएन-७११ हा वाण पाच महिन्यांच्या आसपास तयार होतो, त्यामुळे हलक्या-मध्यम जमिनीतली ओल संपायच्या आत दाणा भरतो. पेरणीनंतर दीड महिन्याच्या सुमारास तुरीचे शेंडे खुडले की फांद्या वाढतात. घरातल्या माणसांनी सकाळच्या वेळात करण्याजोगे हे काम आहे.

खत: कमी, पण नेमके

खरिपात डीएपीसाठी रांगा लागतात, लिंकिंगच्या नावाखाली नको त्या पिशव्या गळ्यात मारल्या जातात. सोयाबीनसाठी डीएपीच हवे असे काही नाही. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाची शिफारस हेक्टरी ३० किलो नत्र, ६० किलो स्फुरद, ३० किलो पालाश आणि २० किलो गंधक अशी आहे. एकराला हे १२, २४, १२ आणि ८ किलो होते. ५० किलोची तीन पोती सिंगल सुपर फॉस्फेट टाकली तर स्फुरद पूर्ण मिळते आणि तेलबियांना लागणारे गंधक त्यातच, वेगळे पैसे न मोजता येते. सोबत युरिया २६ किलो आणि म्युरेट ऑफ पोटॅश २० किलो. हे सगळे पेरणीच्या वेळी, बियाण्याच्या बाजूला आणि खाली. मातीपरीक्षणात पालाश भरपूर निघाले, जे काळ्या जमिनीत नवल नाही, तर पोटॅशला कात्री लावा.

उभ्या सोयाबीनवर युरिया फेकणे थांबवा. या पिकाला लागणारे बहुतेक नत्र त्याच्या मुळांवरच्या गाठी हवेतून घेतात. वरून नत्र वाढले की गाठी आळसावतात, झाड पाल्याने माजते आणि किडीला आमंत्रण मिळते. गाठी काम करतात की नाही हे पाहायला प्रयोगशाळा लागत नाही. पस्तीस-चाळीस दिवसांचे रोप मातीसकट हलक्या हाताने काढा, मुळे पाण्यात धुवा आणि गाठ नखाने फोडा. आत लालसर-गुलाबी रंग दिसला तर कारखाना चालू आहे. हिरवट, करडा किंवा पांढरट दिसला, किंवा गाठीच नसल्या, तर पुढच्या वर्षी बीजप्रक्रियेकडे लक्ष द्या. बीजप्रक्रियेचा क्रमही ठरलेला आहे: आधी बुरशीनाशक, मग गरजेनुसार कीटकनाशक, आणि शेवटी पेरणीच्या थोडे आधी जिवाणू संवर्धक. क्रम उलटला तर जिवाणू मरतात. शिवाय पाकीट सोयाबीनच्याच रायझोबियमचे हवे. हरभऱ्याचे पाकीट सोयाबीनला चालत नाही आणि उन्हात टपरीवर महिनाभर लटकलेले कुठलेच चालत नाही.

जीवामृताविषयी वाद घालण्यात मला रस नाही, पण हिशेब मांडू. दोनशे लिटर जीवामृतात दहा किलो शेण असते; ताज्या शेणात नत्र अर्ध्या टक्क्याच्या आसपास. म्हणजे पन्नास ग्रॅम. गोमूत्राचे धरले तरी हे खत म्हणून नगण्य आहे. जमिनीतल्या जिवाणूंना चालना म्हणून कुणी वापरत असेल तर खुशाल वापरावे, मात्र जमिनीत काडीकचरा नसेल तर त्या जिवाणूंनी खायचे काय? उलट टोकाचा धडा श्रीलंकेने दिला. एप्रिल २०२१मध्ये तिथल्या सरकारने रासायनिक खतांची आयात एका फटक्यात बंद केली, भाताचे उत्पादन घसरले आणि नोव्हेंबरमध्ये निर्णय मागे घ्यावा लागला. जमिनीची तयारी झाल्याशिवाय खत तोडले तर मार घरालाच बसतो. कमी करायचे ते दरवर्षी थोडे, मातीपरीक्षणाचा आधार घेऊन आणि शेणखत-काडीकचऱ्याची भर घालत.

फवारणीआधी एक फेरी

२०१७मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजुरांचा जीव गेला. त्यानंतरही तीन-चार औषधे एकाच टाकीत कालवून, उघड्या अंगाने फवारणारे दरवर्षी दिसतात. कुठले औषध कशात मिसळायचे हे दुकानदाराने नव्हे, लेबलाने ठरवायचे असते. लेबलावरचा लाल त्रिकोण सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा आणि शेवटी हिरवा, एवढे तरी घरातल्या प्रत्येकाला माहीत हवे.

फवारणी कॅलेंडर पाहून करू नका, शेत पाहून करा. आठवड्यातून एकदा शेतात तिरपे चालत जा, पाच-सहा ठिकाणी एक मीटर ओळ निवडा, झाडाखाली कापड धरून झाड हलवा आणि पडलेल्या अळ्या मोजा. पाने खाणाऱ्या अळ्या मीटरला तीन-चारच्या आत असतील तर हात आवरा. सोयाबीन पानांची थोडी नासधूस सहज सोसते. तंबाखूवरच्या अळीसाठी कडेने एरंडीची झाडे लावली की मादी पतंग अंडी घालायला आधी तिकडे जातो. अंड्यांचे पुंजके आणि जाळीदार झालेली पाने तोडून नष्ट करायची. एकरी दोन कामगंध सापळे आणि दहा पक्षीथांबे लावा. पिवळा मोझॅक पांढऱ्या माशीने पसरतो, म्हणून पहिली पिवळी झाडे दिसताच उपटून गाडा. चक्रीभुंग्याने खोडाला दोन कड्या पाडलेली झाडेही तशीच, कडीच्या खालून कापून बाहेर काढा. सुरुवातीच्या चाळीस दिवसांत जहाल कीटकनाशक टाळले तर कातीण, ढालकिडे आणि गांधीलमाश्या कामाला लागतात. ते मेले की पुढचे काम तुमच्या पंपाला करावे लागते आणि बिल वाढत जाते. निंबोळ्या पावसाळ्याच्या तोंडावर गोळा करून वाळवून ठेवा. पाच किलो निंबोळीची भरड रात्रभर पाण्यात भिजवून, गाळून शंभर लिटर पाण्यात केलेला अर्क सुरुवातीच्या लहान अळ्यांवर आणि अंड्यांवर चांगला चालतो. मोठ्या झालेल्या अळीवर त्याची भिस्त ठेवू नये.

एक अडचण तंत्राची नाही, मालकीची आहे. आज गावोगाव बरीच जमीन बटईने किंवा मक्त्याने कसली जाते, करार एका वर्षाचा आणि मालक शहरात. पुढच्या वर्षी हे रान आपल्याकडे असेल की नाही याची खात्री नसलेला माणूस त्यात शेणखत कशाला टाकील, सरीच्या तोंडाला दगड का रचील? जमीनमालकांना विनंती आहे की करार निदान तीन वर्षांचा करा आणि शेणखत, बांधबंदिस्ती यांचा निम्मा खर्च उचला. जमीन तुमची आहे, तिची झीजही तुमचीच.

सगळे एकदम करायला जाऊ नका. यंदा एक एकर निवडा. उगवण तपासा, सरीसाठी ओळ मोकळी सोडून उताराला आडवे पेरा, सिंगल सुपर फॉस्फेट आणि रायझोबियम वापरा, कीड मोजूनच फवारा. शेजारीच, त्याच पोताच्या जमिनीत अर्धा एकर तुमच्या नेहमीच्या पद्धतीने ठेवा. दोन्हीकडचा खर्च घरातल्या शाळकरी पोराकडून वहीत लिहून घ्या: बियाणे, खत, औषध, डिझेल, मजुरी, सगळे. मळणी वेगवेगळी करा आणि वजन आडत्याच्या नव्हे, स्वतःच्या डोळ्यांसमोर काट्यावर करा. क्विंटल मोजून थांबू नका. एकरी खर्च वजा करून हातात काय राहिले ते काढा, आणि पुढच्या वर्षी किती एकरावर काय करायचे ते त्या वहीवरून ठरवा.